सुभेदाराचा पास

नोकरीच्या तेहतीस वर्षांत चंद्रभाननं पासाशिवाय एकाही माणसाला ओळख दिली नाही, आणि ही गोष्ट तो छाती फुगवून सांगत असे. पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोच्या गेटवर तो दरबान होता. समोर कोणीही येवो, याचा हात आधी पुढे होई. "तोंडाचा काय भरोसा?" तो म्हणे. "आज दाढी हाये, उद्या नाई. पासाले कधी दाढी येते का?" एकदा एक मोठे साहेब परीक्षा पाहायला म्हणून साध्या कपड्यांत, पास खिशात लपवून आले, तर यानं त्यांनाही बाहेरच्या दगडावर बसवून ठेवलं. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र बैठकीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत टांगलेलं होतं. शकुबाई रोज देवांबरोबर त्यालाही फडकं मारी, कारण रांगेतली एकच तसबीर सोडून बाकीच्या पुसणं बरं दिसत नाही.

त्या सतर्कतेचा फटका बसलेला एक माणूस भिंतीपलीकडेच राहत होता. तो म्हणजे चंद्रभानचा धाकटा भाऊ तानबा. एकोणऐंशीच्या एप्रिलात शकुबाई दवाखान्यात बाळंत झाली, आणि तानबा गिरणीतली पाळी बुडवून, अर्धा किलो पेढे सायकलला अडकवून गेटवर आला. लांबूनच म्हणाला, "दादा, पोरगा झाला तुले."

चंद्रभाननं हात पुढे केला. पेढ्यासाठी नाही.

"पास दिखाओ," तो म्हणाला.

तानबाला वाटलं, दादा गंमत करतो आहे. "मले ओळखत नाई का?"

"पहचान का सवाल नहीं. पास."

ड्युटीवर चंद्रभान हिंदीच बोले. मराठीत कडक राहता येत नाही, असं त्याचं मत होतं. पण सख्ख्या भावाशी हिंदीत बोलायचं, तेही पोरगा झाला त्या दिवशी? तानबा बारापासून तीनपर्यंत उन्हात उभा राहिला. एप्रिलातलं पुलगावचं ऊन, सावली म्हणाल तर गेटच्या आतल्या बाजूला. आणि चंद्रभान तरी काय करत होता? तर बिनापासाच्या माणसानं आणलेली बातमी ड्युटी संपेपर्यंत मनावर घ्यायची नाही, म्हणून समोरच्या खांबाकडे पाहत होता. तीन वाजता वर्दीचं वरचं बटण काढून तो बाहेर आला, तेव्हा तानबा गेलेला होता. पेढे त्यानं रेल्वे फाटकाजवळच्या कुत्र्यांना घातले. पुढच्या महिन्यात दोघांच्या सामाईक अंगणात पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. बायकांचंही झालं. बायका जर भिंतीवरून बोलत राहिल्या असत्या, तर पुढचं काही घडलंच नसतं.

तो पोरगा, नीलेश, मोठा झाला, कॉम्प्युटर शिकला आणि इंग्लंडात जाऊन बसला. चंद्रभान रिटायर झाला. घरात दोन माणसं, एक टीव्ही आणि एक बोका. बोका आपणहून आला होता. पहिल्या दिवशी त्याच्याजवळ पास नव्हता, हे चंद्रभान सोयीनं विसरला. मिशा पाहून त्यानं त्याला सुभेदार म्हटलं. थंडीत सुभेदार रजईवर चढून बरोबर चंद्रभानच्या पायांवर मुटकुळं करून झोपे, आणि मग पहाटेपर्यंत चंद्रभान कूस बदलत नसे. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. तेहतीस वर्षं ज्याच्यामुळे माणसं ताटकळत राहिली, त्याच्याजवळ कोणी आपल्या मर्जीनं येऊन झोपतं, याचं त्याला फार अप्रूप होतं. बोलून मात्र दाखवत नसे.

अडचण एवढीच, की सुभेदारासाठी मागचं दार फटीएवढं उघडं ठेवलं, की मोहल्ल्यातले बाकीचे बोकेही येत आणि दुधाची भगोनी पालथी करत. फोनवर ऐकून ऐकून नीलेश कंटाळला असावा. दोन हजार आठच्या दिवाळीला येताना तो इंग्लंडहून मांजराचं दार घेऊन आला. पांढऱ्या प्लॅस्टिकची चौकट, मध्ये आरपार दिसणारं झुलतं झाकण आणि आत चार सेल. बरोबर एक निळा पट्टा. पट्ट्याला बोटाच्या पेराएवढी बंद डबी होती. पट्टा घातलेलं मांजर जवळ आलं, की दार त्याला ओळखतं, हिरवा दिवा लागतो, कट् असं वाजून खिट्टी सुटते आणि डोक्यानं ढकललं की झाकण उघडतं. दुसरं कोणी आलं, तर नाही. सुताराला बोलावून सागवानी दाराला खाली भोक पाडलं. सागवान कापताना सुताराला हळहळ वाटली. चंद्रभानला नाही.

दुसऱ्याच दिवशी मोहल्ल्यातला सगळ्यात दांडगा भुरा बोका पळत आला आणि झाकणावर कपाळमोक्ष करून घेऊन परत गेला. चंद्रभान आत खुर्चीत बसून बघत होता. त्याचा हात सलामीला कपाळापर्यंत गेलाच होता, शकुबाईला पाहून त्यानं डोकं खाजवल्यासारखं केलं.

"आपल्या लाइनचं हाये हे," तो म्हणाला.

त्या दिवसापासून जुन्या डायरीत सुभेदाराची आमद-रफ्त, म्हणजे ये-जा, लिहिणं सुरू झालं. बाहेर सात दहा, आत आठ पंचवीस. शकुबाईनं नाक मुरडलं, पण रिटायर माणूस पायात घोटाळण्यापेक्षा डायरीत गुंतलेला बरा, असं म्हणून गप्प राहिली.

आता सात दहा ते आठ पंचवीस सुभेदार जायचा कुठे, हे चंद्रभानला पुढे कळलं. आपल्याला आताच कळलेलं बरं. तो भिंतीपलीकडे तानबाकडे जायचा. तिथे त्याचं नाव बाळ्या होतं, आणि तानबाची बायको देवकाबाई त्याला रोज वाटीभर दुधात भाकर कुस्करून देई. दोन्ही घरांना वाटे, बोका आपलाच. दिवाळीनंतर एका सकाळी बाळ्या आला तो गळ्यात निळा पट्टा अन् बंद डबी घेऊन. देवकाबाईच्या हातातली वाटीच खाली पडली. एकोणतीस वर्षांचं वैर, त्या वैऱ्याच्या अंगणातून आलेलं जनावर आणि गळ्यात न उघडणारी डबी. तिनं डबी हलवली, वास घेतला, दातानं चावूनही पाहिली. उघडत नाही म्हणजे आत काहीतरी असणारच. तिच्या हिशेबानं ही करणी होती, आणि खरं सांगायचं तर इतका पुरावा असल्यावर दुसऱ्या कोणालाही तेच वाटलं असतं.

वस्तीच्या टोकाला धुरपताबाई नावाची म्हातारी असल्या गोष्टींतली जाणकार समजली जाई. तिनं डबी पाहून मान हलवली आणि उपाय सांगितला. "बोक्याच्या गळ्यातून काढ, काया कोंबडीच्या गळ्यात बांध, अन् ज्याची त्याच्या दारी सोडून दे. ज्याचं त्याच्या घरात गेलं का तू मोकळी."

सोमवारी सकाळी शकुबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. मागच्या दाराशी हिरवा दिवा लागला, कट् वाजलं, झाकण हललं आणि एक काळी कोंबडी आत आली. गळ्यात निळा पट्टा. दारातूनच तिला सुपातले तांदूळ दिसले होते.

"अवो," शकुबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "कोंबडी आली पाहा आत."

"कोठून?"

"सुभेदाराच्या दारातून."

चंद्रभान डायरी घेऊन आला. चष्मा लावून त्यानं पट्टा तपासला. डबीमागचा नंबर ताडून पाहिला.

"पास बरोबर हाये," तो शेवटी म्हणाला.

"पण कोंबडी हाये ना ते."

"गेट तोंड नाई पाह्यत."

"पंखाले गुलाबी रंग हाये. तानबाभाऊजी लावते त्याह्यच्या कोंबड्याईले. त्याह्यचीच हाये."

चंद्रभाननं डायरीत लिहिलं: सुभेदार, आत, नऊ वाजून पाच.

त्याला कोंबडी ओळखू येत नव्हती असं नाही. डोळे शाबूत होते त्याचे. पण दारानं तिला आत घेतलं होतं. दार चुकलं म्हणायचं, तर मग पास पाहून आत घेणं चुकलं, पास नाही म्हणून बाहेर ठेवणंही चुकलं, आणि असं एक एक मागे जात गेलं की एकोणऐंशीच्या एप्रिलातल्या बारा ते तीनपर्यंत जाऊन पोचतं. तिथे जायची त्याची तयारी नव्हती. त्यापेक्षा कोंबडीला सुभेदार म्हणणं सोपं होतं.

त्यानं इंग्लंडला परत गेलेल्या नीलेशला फोन लावला. नीलेश हसून लोटपोट झाला. "बाबा, ते पट्ट्यातला नंबर वाचते फक्त. मांजर आहे का कोंबडी, त्याले काय समजते? पट्टा काढा अन् सुभेदाराले घाला."

"इशू झालेला पास मले काढता येत नाई," चंद्रभान म्हणाला आणि फोन ठेवला.

सुभेदार संध्याकाळी आला. उघड्या गळ्यानं. नेहमीसारखं त्यानं झाकणाला कपाळ लावलं आणि ढकललं. काही झालं नाही. परत ढकललं. आरपार दिसणाऱ्या झाकणाच्या अलीकडे चंद्रभान उकिडवा बसला होता, पलीकडे सुभेदार, मध्ये एक वीत अंतर. सुभेदारानं पंजा उचलून झाकणावर ठेवला. चंद्रभानला ते झाकण हातानं उघडता आलं असतं. आतून एक साधी खिट्टी होती, नीलेशनं दाखवली होती.

"पास दिखाओ," चंद्रभान म्हणाला.

आपण हे मोठ्यानं बोललो, आणि हिंदीत बोललो, हे त्याला बोलून झाल्यावर ऐकू आलं. सुभेदारानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपला माणूस असं काय करतो आहे, हे न समजून कोणी पाहतं, तसं. अशी नजर चंद्रभाननं पूर्वी एकदाच पाहिली होती आणि तेव्हा तो खांबाकडे बघू लागला होता. इथे जवळ खांब नव्हता. सुभेदार पंजा खाली घेऊन वळला, भिंतीवर चढला आणि पलीकडे उतरला.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. थंडी पडली होती. चंद्रभान रात्री लोकरी मोजे घालून झोपला, मग मोज्यांवर शाल टाकून पाहिली, मग गरम पाण्याची पिशवी. पाय काही गरम होईनात. खरं म्हणजे पाय गरमच होते. त्याला सुभेदार पाहिजे होता, दुसरं काही नको होतं, आणि हे कळायला त्याला तीन रात्री लागल्या. इकडे कोंबडी दिवसातून दहादा आत-बाहेर करी. दर वेळी हिरवा दिवा, दर वेळी कट्. तिच्यासमोर दुधाची वाटी ठेवली जाई, ती त्यात पाय बुडवून पुढे जाई. शकुबाईनं दोनदा विळीकडे पाहिलं, पण चंद्रभान आडवा आला. पासधारकाला कापता येत नाही.

शुक्रवारी सकाळी सुभेदाराच्या गोणपाटावर एक अंडं सापडलं.

शकुबाईनं ते उचललं, पदरानं पुसलं आणि चंद्रभानच्या डायरीवर नेऊन ठेवलं. "लिवा," ती म्हणाली. "सुभेदारानं अंडं देल्लं."

चंद्रभाननं पेन उचललं. 'सुभेदार' इतकं लिहून झालं. त्यापुढे पेन चालेना. त्यानं झटकून पाहिलं. शाई होती. हात चालत नव्हता.

"नाई लिवत?" शकुबाई म्हणाली. "काऊन? पास तं बरोबर हाये." ती त्याच्यासमोर खाली बसली. लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत जे ती बोलली नव्हती, ते तिनं तांदूळ निवडताना बोलावं तशा आवाजात सांगून टाकलं. "त्या दिवशी पोरगा तुमाले एकट्याले नाई झालता, मलेबी झालता. मी तथी खाटेवर पडून वाट पाहून राह्यली होती, का तुमी अन् भाऊजी दोघं पेढे घेऊन येता म्हणून. त्याचा पेढा मी आजवर खाल्ला नाई. कुत्र्याईनं खाल्ला."

चंद्रभाननं डायरी मिटली. अंडं घरंगळलं, ते त्यानं झेललं आणि काय करावं न सुचून शर्टाच्या खिशात घातलं.

दहा वाजता तो कोंबडीला काखेत मारून तानबाच्या फाटकाशी उभा राहिला. घर शेजारचंच, चाळीस पावलांवर, पण यायला त्याला एकोणतीस वर्षं लागली. फाटक लोखंडी होतं, छातीएवढं. आत अंगणात बाजेवर तानबा बसला होता. केस पांढरे झाले होते त्याचे. मांडीवर सुभेदार, डोळे मिटून. चंद्रभाननं कोंबडी आणखी घट्ट धरली. बोक्यासाठी की भावासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तानबानं पाहिलं. उठला नाही. बसल्या जागेवरून हात पुढे केला.

"पास दिखाओ," तो म्हणाला.

चंद्रभानच्या खिशात, अंड्याच्या मागे, डेपोतलं जुनं ओळखपत्र अजून असे. बाहेर पडताना ते घेतलं नाही तर त्याला उघडं वाटे. त्यानं ते काढून फाटकावरून पुढे केलं. आता मात्र तानबा उठला. सुभेदाराला खांद्यावर टाकून आला, कार्ड घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, उजेडात धरलं. असं कसं पाहायचं, हे तो बारा ते तीन उभ्या-उभ्या शिकला होता.

"इसका तारीख गया," तो म्हणाला आणि कार्ड परत दिलं.

"तानबा, मी हाव ना बे. मले ओळखत नाई का?"

"पहचान का सवाल नहीं."

तानबा परत जाऊन बाजेवर बसला. चंद्रभान उभा राहिला. गेट आतून कसं दिसतं, हे त्याच्याइतकं पुलगावात कोणाला ठाऊक नसेल. बाहेरून कसं दिसतं, हे तो पहिल्यांदाच पाहत होता. हात कुठे ठेवावे, कळत नाही. येणारेजाणारे बघतात. आतला माणूस दुसरीकडे बघतो. कोंबडी काखेत चुळबुळत होती. देवकाबाई एकदा दारात आली, पट्टा कोंबडीसकट परत आलेला पाहून जागीच थबकली आणि आत गेली. साडेअकरा झाले. हिवाळ्याचं ऊन होतं, सोसवण्यासारखं. ते तसं असल्याची चंद्रभानला लाज वाटली.

मग तो फिरला आणि चालू लागला. तानबानं मान वर केली.

स्टेशनजवळच्या मिठाईच्या दुकानात एक म्हातारा काखेत पट्टेवाली कोंबडी घेऊन आला आणि त्यानं अर्धा किलो पेढे मागितले. दुकानदारानं दोघांकडेही पाहिलं आणि मुकाट्यानं तोलून दिले. चंद्रभाननं त्यातले दोन कागदात बांधून शकुबाईसाठी वेगळे काढले. परत येईस्तोवर बारा वाजले होते. तानबा अजून बाजेवरच होता, फक्त आता त्याचं तोंड फाटकाकडे होतं.

चंद्रभान थांबला. धाप लागली होती. ड्युटीची भाषा आधी ओठावर आली, ती त्यानं गिळली.

"तानबा," तो म्हणाला, "पोरगा झाला मले."

सुभेदाराच्या पाठीवरून फिरणारा तानबाचा हात थांबला.

"कधी?" त्यानं विचारलं. मराठीत विचारलं.

"एकोणऐंशीत. एप्रिलमदी."

"वजन किती भरलं?"

"तवाचं ठाऊक नाई बा. ड्युटीवर होतो. आता अठ्ठ्याऐंशी किलो हाये."

तानबाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्यानं तो हातानं पुसून जागेवर आणला. "हे बातमी मले नको सांगू, दादा," तो म्हणाला. "मलेच ठाऊक होती पहिले. मीच आणलती."

"हो," चंद्रभान म्हणाला. "तूच आणलती. मी घेतली नाई."

त्याला आणखी बोलायचं होतं, पण डोळे भरले. ते पुसावे तर दोन्ही हातांत पेढ्यांचा पुडा, काखेत कोंबडी आणि खिशात अंडं.

"फाटक उघड ना बे," तो कसंबसं म्हणाला.

"त्याले कडीच नाई," तानबा म्हणाला. "तीन साल झाले, तुटली. तू उभा राह्यला दीड घंटा, ढकलून नाई पाह्यलं काऊन?"

चंद्रभाननं फाटकाकडे पाहिलं. कडीच्या जागी नुसतं भोक होतं. हात रिकामे नव्हते, म्हणून तो वाकला, फाटकाच्या गजाला कपाळ लावलं आणि डोक्यानं ढकललं. ते उघडलं. कोंबडी काखेतून सुटून त्याच्याआधी आत गेली.

तानबाच्या मांडीवर सुभेदारानं एक डोळा उघडला, आत कोण आलं ते पाहिलं आणि परत मिटला.